एक वीत, चार बोटं

ट्रेलर म्हणजे चार चाकं आणि वर एक फळी, त्यात एवढं निवडायचं काय, असं माझी बायको म्हणाली तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो. खेकसायला नको होतं. पण मी सगळ्यांवरच खेकसतो, मग तिचा तरी अपवाद का करायचा?

आधी गाडीचं सांगतो. दोन माणसांची, बुटकी, लाल, इंजिन सीटच्या मागे. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नाही, ती पळते ती फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथपर्यंत तिला ट्रेलरवर चढवून, दुसऱ्या गाडीमागे बांधून न्यावं लागतं. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी आमच्या गॅरेजात एकेक नट जोडून ती उभी केली. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ती मी चालवायचो. मग एका वळणावर ब्रेक उशिरा लावला, भिंतीवर जाऊन आदळलो आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. चूक माझीच, दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. तेव्हापासून गाडी धाकटा चालवतो. माझ्यापेक्षा चांगली चालवतो मेला. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण एक गोष्ट माझ्याकडे राहिली होती. गाडी ट्रेलरवर चढवायची मी आणि ट्रॅकवर पोचल्यावर उतरवायची मी. आमच्या गाडीचं स्टिअरिंग काढता-घालता येतं. ते मी घरात खुंटीला टांगून ठेवायचो. निघायच्या दिवशी ते काखेत मारून यायचो, ताठ पाय आधी आत सारून सीटवर बसायचो, स्टिअरिंग खट्‌कन बसवायचो आणि इंजिन चालू करायचो. गुडघा वाकत नाही म्हणून क्लच कमरेतून रेटून दाबायचा. धाकटा समोर उभा राहून दोन बोटांनी डावं-उजवं दाखवायचा. पंधरा फूट वर जायचं, ट्रॅकवर पोचलं की पंधरा फूट खाली यायचं. आठ वर्षं त्या पंधरा फुटांवर माझं सगळं चाललं होतं. कोणाला हसू येत असेल तर खुशाल हसा.

त्यासाठीच जुना ट्रेलर मी स्वतः बनवला होता. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. उघडा ट्रेलर, आणि त्याची मडगार्डं इतकी खाली ठेवली की गाडीचं दार त्यांच्यावरून आरामात सताड उघडावं. बाजारातल्या कुठल्याच ट्रेलरवर ते उघडत नाही. ज्यांचे दोन्ही पाय वाकतात ते खिडकीतून बाहेर पडतात. मी कसा पडणार? म्हणून गाडीत बसून, पाय बाहेर काढून, धाकट्याला टेप धरायला लावून मी मापं घेतली होती.

तो ट्रेलर गेल्या महिन्यात मोडला. ट्रॅककडे जाताना उतारावरच्या वळणावर खालून कडकन आवाज आला, ट्रेलर एका अंगावर बसला आणि रस्त्यावर ठिणग्यांचा फवारा उडाला. चाकांचा आस धरून ठेवणारा लोखंडी पट्टाच फाटला होता. मागून ट्रेलर आम्हाला खेचत होता, बाजूला खोल उतार. धाकट्यानं ब्रेकला पाय न लावता, हळूहळू वेग कमी करत गाडी कडेला आणली. दुसरा कोणी असता तर आम्ही खाली गेलो असतो. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, आणि मागच्या सीटवर माझी बायको झोपली होती, डोक्याखाली पिशवी घेऊन. ती उठून म्हणाली, "पोचलो?"

"हल्ली लोखंडातच दम राहिलेला नाही," मी म्हणालो. तेच मी पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

मग धाकटा म्हणाला, "चल दादा, नवा बघून येऊ. तूच निवड."

तूच निवड म्हणे! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ट्रेलर विकणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत होते. पन्नाशीच्या, कानावर पेन्सिल, आणि बोलता बोलता प्रत्येक ट्रेलरच्या अंगावर थाप मारायची सवय, गुरांच्या बाजारात मारतात तशी. आमच्या गाडीला चालतील असे तीन त्यांच्याकडे होते. पहिला साधा, उघडा. दुसराही उघडाच, पण त्याची अख्खी फळी मागे कलायची आणि मडगार्डं दोन पिना ओढल्या की हातात निघून यायची. तिसरा म्हणजे पांढरा बंद डबा, पुढच्या भिंतीला विंच बसवलेलं. पोलादी दोरीचा आकडा गाडीला अडकवायचा आणि बटण दाबायचं, गाडी आपोआप ओढली जाते.

मी दुसऱ्याची मडगार्डं काढून बघितली, लावून बघितली, पुन्हा काढली. जीव कसा सुपाएवढा झाला.

"हा," मी म्हणालो. "ठरलं. चला घरी."

"दादा, तिसरा तर बघ."

"त्यात काय बघायचंय? चाकांवरचा फ्रिज आहे तो."

मॅडम हसल्या. धाकटा नाही हसला.

मग मी सुरू झालो. म्हटलं, हा डबा रिकामाच केवढा जड! त्यात आपली गाडी, वर टायर, हत्यारं. आपल्या ओढणाऱ्या गाडीला झेपणार आहे का?

"झेपतं," तो म्हणाला. "गाडीच्या पुस्तकात बघितलंय मी."

म्हटलं, वारा? उघड्या माळावर आडवा वारा लागला की असा डबा शेपूट हलवायला लागतो. मग बस बोंबलत.

"वजन आसाच्या जरा पुढे ठेवायचं, दादा. मग नाही हलत. तूच शिकवलंयस."

म्हटलं, मागे वळून बघितलं तर गाडी दिसायला हवी. डब्यात ती आहे की पडली, कसं कळणार?

"डब्यातून कशी पडेल?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडे मी असं बघितलं की त्यांनी पेन्सिल उगाचच या कानावरून त्या कानावर नेली.

माझ्या प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे उत्तर तयार होतं, घोकून आल्यासारखं. शेवटी मी खिशातला टेप काढला आणि डब्यात शिरलो. गाडीची रुंदी मला झोपेतही पाठ आहे. दोन्हीकडे सारखी जागा सोडली तर दार किती उघडेल? एक वीत, चार बोटं. टेपनं मोजलं, मग हातानं मोजलं. एक वीत, चार बोटं. मांजर जाईल, माणूस नाही.

"हे बघ!" मी ओरडलो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. "आत बसलेला माणूस बाहेर कसा येणार?"

"आत कोणी बसायचंच नाहीये ना," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तर विंच आहे."

त्यांचा काही दोष नाही. त्यांना काय माहीत? पण धाकट्याला माहीत होतं, आणि तो खाली बघत होता. मीही खाली बघितलं. तेव्हा फळीवर खडूच्या खुणा दिसल्या. चार चाकांच्या चार खुणा, आणि प्रत्येकीपुढे बारीकसा बाण. असा बाण जगात एकच माणूस काढतो. आमच्या गॅरेजातल्या भिंतीभर ते बाण आहेत.

म्हणजे हा आधीच येऊन गेला होता. मापं घेऊन, वजन कुठे पडेल ते ठरवून, सगळं करून गेला होता. आणि आज मला नवरदेवासारखं मिरवत घेऊन आला, तूच निवड म्हणून! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मग मला कशाला आणलंस? शोभेला?"

मॅडम समजूतदार बाई, फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. डब्यात आम्ही दोघंच राहिलो. नव्या रंगाचा वास येत होता.

"दादा," तो म्हणाला, "तुला मला काही सांगायचंय का?"

"सांगितलं की. दार उघडत नाही."

"तेवढंच?"

"मग आणखी काय सांगू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

"घे तुझा फ्रिज," मी म्हणालो. "मी कोण सांगणारा? लंगड्याला कोण विचारतो?" असं बोललं की समोरचा गप्प होतो, हे मला आठ वर्षांत चांगलं समजलं होतं. तो गप्पच झाला. फ्रिज ठरला.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय. ती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

जुन्या ट्रेलरचा तो पट्टा अचानक फाटला नव्हता. त्याला गेल्या वर्षीच चीर गेली होती. ट्रेलरखाली चटई टाकून सरपटत गेलो होतो, तेव्हा दिसली. केसाएवढीच. पण वेल्डिंगचं काम करता करता माझे केस पिकलेत, मला केसाएवढी चीर पुरते. नुसत्या पट्ट्याचा प्रश्न असता तर बदलला असता. पण आजूबाजूचा सांगाडाच गंजून पोखरला होता, नवा पट्टा जोडायला धड लोखंड उरलं नव्हतं. ट्रेलर भंगारात काढायला हवा होता. नवा बनवायचा तर माझी कंबर आता तेवढं काम करू देत नाही, आणि विकत घ्यायचा म्हटला तर धाकटा काय घेईल हे मला तेव्हाच ठाऊक होतं. विंच, बटण, आणि मी बाहेर उभा.

म्हणून मी चिरेवर वरवरचं वेल्डिंग मारलं. चिरेवर वेल्डिंग मारलं की ती झाकली जाते, भरत नाही. हे मी दुसऱ्यांना शिव्या देऊन शिकवलंय. मग ग्राइंडर फिरवला, निळा रंग मारला, वर थोडं ग्रीस चोपडलं. त्यानंतर सहा वेळा आम्ही ट्रॅकला गेलो. सहाही वेळा माझा जीव टांगणीला होता, आणि सहाही वेळा मी मजेत आहे असं दाखवत गाणी गुणगुणत गेलो. बायको मागे झोपायची. तिला चालत्या गाडीत लगेच झोप लागते.

आठ दिवसांनी डबा आमच्या गॅरेजच्या अंगणात येऊन उभा राहिला. सकाळची वेळ, लख्ख ऊन. बायको कौतुकानं बघायला बाहेर आली आणि म्हणाली, "केवढा मोठा! यात संसार मांडता येईल." कोणी हसलं नाही तेव्हा ती आपली पायरीवर बसली.

मी खुंटीवरचं स्टिअरिंग घेऊन आलो होतो. सवय. धाकट्यानं ते पाहिलं. त्यानं मागचं दार खाली पाडलं, त्याचाच उतार तयार झाला. आकडा गाडीला अडकवला आणि बटण दाबलं. दोरी ताणली, गाडी रिकामी, मुकाट, उतारावरून वर जायला लागली. मला ते बघवेना. पुढची चाकं वर चढली न चढली तोच तिचं नाक डावीकडे वळलं. भिंतीला घासायला बोटभर राहिलं तेव्हा त्यानं बटण सोडलं.

"बघ!" मी म्हणालो. "आत माणूस लागतो!"

"चाकं वाकडी होती. थांब, खिडकीतून हात घालून सरळ करतो. स्टिअरिंग दे."

"हात घालून गाडी चालते का? सोड, खाली घे तिला. मी बसतो."

"दादा, दार उघडणार नाही. तू मोजलंयस."

"खाली घे म्हणतो ना!"

मी मोजलं होतं. टेपनं मोजलं होतं आणि हातानंही. तरीही गाडी अंगणात खाली आल्याबरोबर मी दार उघडलं, पाय सारला, बसलो आणि स्टिअरिंग खट्‌कन बसवलं. त्या खट्‌कन आवाजानं माझी अक्कल चरायला गेली, दुसरं काय? मला वाटलं, एकदा आत जाऊ, मग बघू.

दोरी ताणली. मी स्टिअरिंग धरलं होतं, इंजिन बंद. पंधरा फूट मी तिला सुतासारखी सरळ नेली. चाकं बरोबर खडूच्या खुणांवर थांबली. एका बोटाचाही फरक नाही.

मग मी दार ढकललं. ठप्प. एक वीत, चार बोटं.

खिडकीतून डोकं बाहेर गेलं, एक खांदा गेला, पाय स्टिअरिंगखाली अडकला. दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिकडेही तेच. मी परत सीटवर बसलो. समोर पांढरी भिंत आणि विंच. मागे लांबवर उजेडाचा चौकोन, आणि त्यात येऊन उभी राहिलेली बायको.

"अडकलात का हो?" ती म्हणाली.

धाकटा भिंतीला अंग चोळत आडवा आडवा आत आला आणि माझ्या खिडकीशी वाकला. मला वाटलं, आता हसेल. मी चार शिव्या तयार ठेवल्या होत्या.

"दादा, तो फाटलेला पट्टा मी रॉकेलनं धुतला," तो म्हणाला. "तूच शिकवलंयस, मोडलेला तुकडा आधी धुऊन बघायचा. एक चतकोर भाग चकचकीत होता, तो त्या दिवशी तुटलेला. बाकीचा गंजून तांबडा. आणि त्या तांबड्या चिरेत आत निळा रंग उतरलेला होता."

मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. उठून जाता येत असतं तर गेलो असतो. तो मुद्दाम तिथे बोलला की नाही मला माहीत नाही, पण मला जायला जागा नव्हती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "किती दिवस?"

"वर्ष."

"वर्ष!" त्याचा आवाज चिरकला. लहानपणी चिरकायचा तसा. "मला सांगितलं असतंस तर मी तुझ्या दाराच्या मापाचा ट्रेलर शोधून आणला असता, नाहीतर बनवून घेतला असता. तो दुसरा, मडगार्डं निघणारा, तोच आधी बघून ठेवला होता तुझ्यासाठी. पट्टा धुतला आणि मग हा बघितला. तुला तिकडे नेलं ते निवडायला नाही. म्हटलं, तिथे तरी दादा तोंड उघडेल. तू लंगडेपणाचं तुणतुणं लावलंस." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी मागे झोपली होती, दादा."

मी म्हणालो, "झालं तर नाही ना काही." असं म्हणालो मी. माझ्या तोंडाला आग लागो, पण मी असंच म्हणालो.

तो सरळ झाला, भिंतीला अंग घासत बाहेर गेला आणि विंच सैल सोडलं. गाडी उतारावरून मागे मागे जायला लागली, माझ्यासकट. आरशात बायको दिसत होती, ती वाटेतून बाजूला झाली. ती गाडी मी शेवटची चालवली ती अशी, मागच्या मागे, इंजिन बंद, दोरीला बांधून.

मी उतरलो. धाकट्यानं हात पुढे केला. मी स्टिअरिंग काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते परत बसवलं, खिडकीतून एक हात आत घालून धरलं, आणि विंचचं बटण, लांब वायरचं, माझ्या हातात दिलं.

"तू दाब," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पण दिलं. त्याचा स्वभावच तसा.

मी बटण धरून उभा राहिलो. बायको माझ्या शेजारी येऊन थांबली. डब्यात आवाज घुमतो, तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मी झोपायचे तेव्हाही?"

"हो."

तिनं गाडीकडे बघितलं. त्या गाडीला तिनं इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता. रंगाला ओरखडे पडतील, हात तेलकट होतील, तुला काय कळतंय, असं म्हणायचो.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिनं बटण माझ्या हातातून काढून घेतलं, धाकट्याला विचारलं, "भावजी, हेच ना दाबायचं?" आणि दाबलं. गाडी सरळ वर गेली.